अधिकार लिहिण्यापुरता

होसूर–सर्जापूर रस्त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा बेंगळुरूचा एचएसआर लेआउट विकास प्राधिकरणाने आखला तो राहण्यासाठी. आज त्याच्या सातही सेक्टरांत घरांच्या वरच्या मजल्यांवर सॉफ्टवेअरच्या लहान कंपन्या भरलेल्या आहेत, आणि त्यांत पुणे, कोल्हापूर, बेळगावहून आलेली मराठी मुले-मुली काही कमी नाहीत. अशा कंपनीत सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस क्वचितच असतो. कोड लिहितो तोच एनजिनएक्सची कॉन्फिग बदलतो, होस्ट्स फाइलमध्ये एखादी ओळ घालतो, लॉग किती दिवस ठेवायचे तेही ठरवतो. दिवसभर त्याच्यासमोर व्हीएस कोड हा एडिटर उघडा असतो, त्यामुळे यंत्रणेच्या कॉन्फिग ठेवणाऱ्या इटीसी फोल्डरमधली फाइलही तो त्यातच उघडतो. फाइल उघडते, वाचता येते, बदलताही येते. सेव्ह दाबले की मात्र परवानगी नाही असे उत्तर येते, कारण फाइल रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या मालकीची आहे. मग वाट काढायची कशी? प्रचलित उपाय पाच. आख्खा एडिटर रूट म्हणून सुरू करायचा, फाइलची परवानगी सैल करायची, एडिटरने देऊ केलेले पासवर्डचे बटण दाबायचे, सुडोएडिट वापरायचे, किंवा सर्व्हरवर थेट रूट म्हणूनच शिरायचे. हे पाचही उपाय एकाच प्रश्नाची उत्तरे म्हणून सांगितले जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. एडिटरला रूट कसे करायचे हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रशासकाचा अधिकार लागतो तो तयार मजकूर त्या एका फाइलवर उतरवण्याच्या क्षणी. वाचणे, विचार करणे, टंकणे, शोधणे, रंगीत अक्षरांत पाहणे यांतल्या कशालाही तो लागत नाही. जो उपाय अधिकार त्या क्षणापुरता ठेवतो तो चांगला, बाकीचे कमी-अधिक वाईट, असे माझे म्हणणे आहे.

युनिक्समध्ये शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला, म्हणजे रूटला, जवळजवळ कुठलीही मनाई लागू होत नाही. सत्तरच्या दशकात एकाच यंत्रावर अनेकजण काम करत, तेव्हा रूट आणि बाकीचे ही विभागणी माणसामाणसांमधली होती. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिला. रूटचा पासवर्ड सगळ्यांना न वाटता ठरावीक माणसाला ठरावीक आज्ञेपुरता अधिकार द्यावा, ही त्यामागची कल्पना. भारतात लिनक्स घरोघरच्या संगणकांवर पोहोचला तो १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीमुळे. त्या खटपटीतले अतुल चिटणीस बेळगावात शिकलेले, आणि पुढे बेंगळुरूत २००१ पासून लिनक्सची मोठी संमेलने भरवणारे. पण एकट्याच्या संगणकावर आलेल्या या व्यवस्थेत वापरणारा आणि प्रशासक हा एकच माणूस होता. ठरावीक आज्ञेपुरता अधिकार ही कल्पना मागे पडली आणि अडले की पुढे सुडो लावायचे एवढेच हाताला वळण राहिले. चित्रमय एडिटर सुडो लावून सुरू करणे हे त्याच वळणाचे टोक.

या टोकाचे तोटे पुरेसे तपासून झालेले आहेत. जुन्या एक्स विंडो व्यवस्थेत एकाच पडद्यावरचा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टंकलेले वाचू शकतो, तिथे खोट्या कळा दाबू शकतो. रूटची खिडकी त्या पडद्यावर आली की साध्या प्रोग्रॅमला रूटपर्यंत जाण्याचा पूल मिळतो. केडीईच्या केट एडिटरने २०१७ मध्ये रूट म्हणून सुरू व्हायलाच नकार दिला त्याचे कारण हेच. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण निर्णय बरोबर होता. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०१६ मध्ये, फेडोरा २५ ने वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था मूळ म्हणून स्वीकारली होती आणि तिथे सुडोने सुरू केलेले एडिटर उघडेनासे झाले. चित्रमय प्रोग्रॅम रूट म्हणून सुरू करून देणारा जीकेसुडो उबुंटूने १८.०४ मध्ये काढून टाकला. दुसरा तोटा दिसायला किरकोळ, पण रोज छळणारा. उबुंटूच्या १९.१० आधीच्या आवृत्त्यांत सुडो वापरणाऱ्याचेच होम फोल्डर कायम ठेवत असे. त्यामुळे रूट म्हणून चाललेला एडिटर आपल्या सेटिंगच्या फाइली तुमच्या घरात रूटच्या नावाने लिहून जाई. दुसऱ्या दिवशी साधा एडिटर त्यांना हात लावू शकत नसे, कधी लॉगिनच अडून बसे. व्हीएस कोड तर क्रोमियमवर उभा आहे, आणि क्रोमियमची आतली तटबंदी रूट म्हणून चालवताना मोडावी लागते. म्हणूनच तो आधी इशारा देतो, आणि तटबंदी बंद करण्याचा पर्याय व सेटिंगसाठी वेगळे फोल्डर दिल्याशिवाय सुरू होत नाही. इतके अडथळे ओलांडून रूट मिळवणाऱ्याने निदान आपण काय मोडतो आहोत हे पाहावे.

परवानगी सैल करण्याचा, म्हणजे चमॉड ६६६ किंवा ७७७ मारण्याचा अथवा चाऊनने फाइल आपल्या नावावर करून घेण्याचा उपाय याहून वाईट आहे. यात अधिकार क्षणापुरता वाढत नाही, मनाई कायमची उठते. पण त्याची खरी शिक्षा वेगळीच आहे, आणि ती बेंगळुरूच्या लहान कंपन्यांसमोर २०२२ मध्ये नेमकी येऊन ठेपली होती. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेने, आदेश काढला. सायबर घटना सहा तासांत कळवा, सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपा, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळ-सर्व्हरशी जुळवा. लघु व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली. कायद्याच्या भाषेतले हे कलम प्रत्यक्षात म्हणजे रूटच्या मालकीच्या दोन-तीन फाइलींतल्या चार ओळी. वेळेसाठी क्रोनी किंवा टाइमसिंकडीची कॉन्फिग, लॉगसाठी लॉगरोटेट. उबुंटूत लॉगरोटेट मुळात आठवड्याला एक असे चारच जुने लॉग ठेवतो, तो आकडा वाढवायचा. आता समजा कुणी लॉगरोटेटची ही फाइल एडिटरमधून सहज सेव्ह व्हावी म्हणून चमॉड ६६६ केली. मजकूर अगदी बरोबर लिहिला, फाइल सेव्ह झाली, आणि लॉगरोटेटने ती वाचायचेच नाकारले. फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येण्याजोगी असली तर तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मालक रूट नसला तरीही तेच. पडद्यावर कुणी पाहत नसलेल्या जागी एक तक्रार छापतो आणि पुढे जातो. लॉग फुगत राहतात, डिस्क भरते. डेबियनचा क्रॉनही आपल्या फोल्डरातल्या अशा फाइली वगळतो. सुडोअर्स फाइलच सैल केली तर सुडो काम करायलाच नकार देतो, म्हणजे चूक दुरुस्त करण्याचे हत्यारही हातचे जाते. या फाइलींत मालकी आणि परवानगी ही मजकुराइतकीच अर्थपूर्ण असते. ती बदलणे म्हणजे फाइल बदलणेच.

पासवर्ड मागणाऱ्या बटणाची गोष्ट निराळी. व्हीएस कोडने १.२० या आवृत्तीत, २०१८ च्या सुरुवातीला, ही सोय आणली. सेव्ह अडले की सुडोने पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण येते. एडिटर तुमचाच राहतो, मजकूर आधी तात्पुरत्या जागी ठेवला जातो, आणि पासवर्ड मिळाल्यावर एक छोटी वेगळी प्रक्रिया तो मूळ फाइलीत उतरवते. लिनक्सवर हे पोलकिट या परवानगी-सेवेमार्फत होते, विंडोजवर यूएसीच्या खिडकीतून, मॅकवर त्याच्या स्वतःच्या पासवर्ड-खिडकीतून. केटही आता असेच करतो. नोम डेस्कटॉपने त्यासाठी ॲडमिन नावाचा वेगळा पत्ताच ठेवला आहे. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे, अधिकार खरोखरच लिहिण्यापुरता राहतो. उणीव आहे ती वेळेत. बटण समोर येते ते काम संपल्यावर, हात सेव्हवर असताना, आणि त्या क्षणी माणूस पासवर्ड देतोच. आपण कुठली फाइल बदलतो आहोत याचा विचार आधी व्हायला हवा तो नंतरही होत नाही. शिवाय एडिटरला फाइलीचा अर्थ ठाऊक नसतो. उबुंटूत रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल बहुधा दुसऱ्या, यंत्रणेनेच तयार केलेल्या फाइलीकडे बोट दाखवणारी नुसती कडी असते. तिथे लिहिलेले सेव्ह होते आणि पुढच्या वेळी यंत्रणा ते पुसून टाकते. एडिटर फ्लॅटपॅकमधून बसवला असेल तर त्याला दिसणारे इटीसी हे तुमच्या संगणकाचे नसतेच.

सुडोएडिट हा या सगळ्यांत बहुधा सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग. तो सुडोबरोबरच येतो, वेगळा बसवावा लागत नाही. आज्ञा देताना फाइलीचे नाव आधीच सांगावे लागते. सुडो तिची प्रत तात्पुरत्या जागी तुमच्या मालकीची करून ठेवतो, तुमचा नेहमीचा एडिटर तुमच्याच अधिकारात ती उघडतो, आणि एडिटर बंद झाल्यावर प्रत बदललेली असेल तरच मूळ फाइलीत मजकूर उतरतो. मालक आणि परवानगी जशीच्या तशी राहते. कोणी, केव्हा, कुठली फाइल उघडली याची नोंद लॉगमध्ये फाइलीच्या नावासह पडते, जी सर्ट-इनच्या १८० दिवसांत कधीतरी उपयोगी पडू शकते. व्हीएस कोडसाठी सुडो-एडिटर या चलात कोडचा पूर्ण मार्ग आणि त्यापुढे ‘वेट’ हा पर्याय द्यायचा. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो हा ‘वेट’ न दिल्याने. त्याविना कोडची आज्ञा खिडकी उघडून लगेच परतते, सुडोएडिटला वाटते संपादन संपले, प्रत बदललेली नाही, आणि तो काहीच न लिहिता निघून जातो. इकडे माणूस शांतपणे एका अनाथ प्रतीत टंकत बसतो. गैरसोय खरी आहे ती वेगळी: बदल लागू होतो तो टॅब बंद केल्यावर, सेव्ह केल्यावर नाही. ज्याला दर मिनिटाला बदलून पाहायचे आहे त्याला हे जाचक वाटणार. पण रूटच्या फाइलीत दर मिनिटाला बदलून पाहण्याची सवयच मोडावी अशी आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की एकट्याच्या लॅपटॉपवर रूट आणि वापरकर्ता हा भेद जवळजवळ पोकळ आहे. एसएसएचच्या किल्ल्या, क्लाउडचे पासवर्ड, ब्राउझरमधली लॉगिन, कंपनीचा सगळा कोड होम फोल्डरातच असतो. चोराला रूट लागतच नाही. व्हीएस कोडमध्ये एखादे दुष्ट एक्स्टेन्शन शिरले तर ते साध्या अधिकारातही हे सारे नेऊ शकते. बॅशच्या सेटिंगमध्ये खोटा सुडो बसवून पासवर्डही टिपू शकते. आणि सुडोएडिटची प्रत उघडी असताना तिच्यात आपली ओळ घुसडू शकते. हे सगळे मी मान्य करतो, आणि सुडोएडिटला चोराविरुद्धचे कवच म्हणून विकणाऱ्यांशी माझे पटत नाही. त्याचा खरा फायदा चुकीविरुद्ध आहे. रूट म्हणून उघडलेल्या एडिटरमध्ये आतले टर्मिनल रूटचे असते, डावीकडच्या झाडात ओढलेले फोल्डर रूटच्या अधिकाराने हलते, आणि सगळ्या फाइलींत शोधून बदलण्याची आज्ञा इटीसीतल्या शंभर फाइलींवर एका कळीत चालते. सेव्ह करताना आपोआप मांडणी नीट करणारे एक्स्टेन्शन तिथेही आपले काम चोख बजावते. त्याच टर्मिनलात एनपीएम चालवला तर प्रकल्पाच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली पडतात आणि उद्याचा साधा बिल्ड अडतो. या सर्व चुका प्रामाणिक, थकलेल्या माणसाच्या आहेत आणि चोरीपेक्षा कितीतरी वारंवार होतात. सुडोएडिटमध्ये त्यांतली एकही नाव दिलेल्या फाइलीच्या बाहेर जात नाही.

दुसरा आक्षेप मध्यस्थांवरच आहे. सुडो आणि पोलकिट हे स्वतः रूट म्हणून चालणारे प्रोग्रॅम, आणि त्यांच्यातच भगदाडे निघाली आहेत. २६ जानेवारी २०२१ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने सुडोतली एक चूक जाहीर केली. २०११ पासून ती तिथे होती, आणि तिला चाळवायचा रस्ता होता नेमका सुडोएडिटच्या नावाने दिलेली आज्ञा. पुढच्या वर्षी २५ जानेवारीला त्याच कंपनीने पोलकिटच्या पीकेएक्झेकमधली चूक उघड केली. ती २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची. दोन्ही वेळा आपल्याकडच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा प्रजासत्ताक दिन कसा गेला असेल याची कल्पना करता येते. जानेवारी २०२३ मध्ये सुडोएडिटची आणखी एक चूक निघाली, जिच्यामुळे एकाच फाइलीची मुभा असलेला माणूस दुसरी फाइलही उघडू शके. आक्षेप घेणारे म्हणतात, मग असे मध्यस्थ हवेतच कशाला? पण पहिल्या दोन चुकांचा फायदा घ्यायला तुम्ही सुडोएडिट वापरत असणे आवश्यक नव्हते. यंत्रावर तो प्रोग्रॅम नुसता बसलेला असणे पुरेसे होते. म्हणजे न वापरल्याने संरक्षण मिळत नव्हते, अपडेट केल्याने मिळत होते. तिसरी चूक ज्याला सुडोची पूर्ण मुभा आहे त्याच्या लॅपटॉपवर निरर्थक होती. पर्याय मात्र बदलत आहेत, हे खरे. सिस्टमडीने २०२४ मध्ये रन-झिरो आणला, उबुंटूने २५.१० पासून रस्टमध्ये लिहिलेला सुडो मूळ म्हणून घेतला. या बदलांनी मध्यस्थ सुधारतील, तत्त्व बदलणार नाही.

विम किंवा नॅनो शिका, खरा प्रशासक टर्मिनलमध्येच काम करतो, हा तिसरा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो, कारण त्यात युक्तिवादापेक्षा ऐट जास्त आहे. सुडो लावून चालवलेला विम हाही रूट म्हणून चाललेला आख्खा एडिटरच आहे. त्यातून एका उद्गारचिन्हाने रूटचे शेल उघडते. उलट चित्रमय एडिटर जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी दाखवतो, न जुळलेला कंस रंगाने दाखवतो, आणि ज्या कळा बोटांना सरावाच्या आहेत त्यांवर चुका कमी होतात. टर्मिनल शिकावेच, पण ते या कारणासाठी नव्हे.

लॅपटॉपवरची ही चर्चा बरीचशी सोयीची आहे. प्रश्न खरा बोचतो तो दूरच्या सर्व्हरवर. एचएसआरमधल्या कंपनीचा सर्व्हर बहुधा ॲमेझॉनच्या मुंबई विभागात असतो, जो २०१६ पासून चालू आहे. उबुंटूचा सर्व्हर घेतला की उबुंटू याच नावाचा वापरकर्ता मिळतो, त्याला पासवर्डविना सुडोची मुभा असते, आणि रूट म्हणून शिरू पाहणाऱ्याला आधी उबुंटू म्हणून या असा निरोप मिळतो. व्हीएस कोडची रिमोट-एसएसएच सोय २०१९ मध्ये आली. ती सर्व्हरवर आपला एक भाग बसवते आणि तो भाग शिरलेल्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालतो. इथे एनजिनएक्सची फाइल सेव्ह करायला गेले की तीच मनाई, पण पासवर्डचे बटण कामी येत नाही; पोलकिटची खिडकी दाखवायला तिथे पडदाच नाही. ही मागणी वर्षानुवर्षे पडून राहिली आणि लोकांनी आपली आडवाट काढली. एसएसएचमध्ये रूटला प्रवेश खुला करायचा आणि व्हीएस कोडला रूट म्हणूनच जोडायचे. यामुळे इंटरनेटसमोर उभ्या यंत्रावर एक पूर्ण नोड प्रक्रिया आणि तिच्यातली सारी एक्स्टेन्शने रूट म्हणून चालू लागतात. एकट्याच्या लॅपटॉपचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. सर्व्हरवर वेब-सर्व्हरचा वापरकर्ता वेगळा, डेटाबेसचा वेगळा, आणि माहिती ग्राहकांची असते. तिथे ही विभागणी अजून जिवंत आहे. धोका उलट दिशेनेही आहे. फोडला गेलेला सर्व्हर याच जोडणीतून तुमच्या लॅपटॉपवर कोड चालवू शकतो, असा इशारा मायक्रोसॉफ्ट स्वतः देते. आणि ही आडवाट अनावश्यक आहे. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये कोडची आज्ञा आधीच असते, तिचा पूर्ण मार्ग ‘वेट’सह देऊन सुडोएडिट चालवले की सर्व्हरवरची फाइल त्याच खिडकीत नव्या टॅबमध्ये उघडते.

एवढे करूनही एक काम उरते, आणि ते पाचांपैकी कुठलाच उपाय करत नाही: लिहिलेले बरोबर आहे का हे लागू होण्याआधी पाहणे. सुडोअर्स फाइलीसाठी व्हिसुडो ते करतो, चुकीची ओळ असेल तर सेव्ह न करता विचारतो. एनजिनएक्सला ‘-टी’ देऊन, एसएसएच सर्व्हरलाही तसेच देऊन, एफएसटॅबसाठी फाइंडमाउंटची पडताळणी लावून हे हाताने करता येते. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी केले तरच त्याला अर्थ. मूळ फाइलीला हात लावण्याऐवजी, ज्याचे नाव ‘डी’ने संपते अशा शेजारच्या फोल्डरात आपली छोटी फाइल ठेवणे हा त्याहून चांगला रस्ता, कारण अपडेट आले की मूळ फाइल आणि तुमचा बदल यांची झटापट होत नाही. त्यातही एडिटरने मागे सोडलेल्या जुन्या प्रतींवर नजर हवी. सुडोअर्सच्या ‘डी’ फोल्डरात टिंब असलेले किंवा टिल्डेने संपणारे नाव वाचलेच जात नाही. डेबियनच्या एनजिनएक्समध्ये मात्र साइट्स-एनेबल्ड फोल्डरातली प्रत्येक फाइल वाचली जाते, मागे राहिलेली प्रतही.

सर्व्हरवर हाताने फाइल बदलावीच का, अन्सिबलसारख्या साधनाने सगळे गिटमधून का येऊ नये, असे मोठ्या कंपन्यांतले लोक म्हणतात, आणि दहा सर्व्हर असतील तर ते बरोबरच आहेत. तीन माणसे आणि दोन सर्व्हर असलेल्या कंपनीला मात्र ते पहिल्या दिवशी परवडत नाही. तिच्यासाठी जोई हेसने लिहिलेला इटीसीकीपर पुरेसा आहे. तो इटीसी फोल्डर गिटमध्ये ठेवतो आणि प्रत्येक पॅकेज बसवताना आपोआप नोंद करतो. फक्त ती गिट बाहेर कुठेही पाठवू नये, पासवर्डांची शॅडो फाइल तिच्यात असते. म्हणून अशा कंपन्यांना सांगणे इतकेच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी देण्याच्या टिपणात सुडो-एडिटरची ती एक ओळ घाला, सर्व्हरवर रूटचा एसएसएच प्रवेश बंद ठेवा, आणि कुणी चमॉड ७७७ केलेली फाइल इटीसीत आढळली तर ती आजच मूळ परवानगीवर आणा.